चौथी क्लिप

१२ जानेवारी

प्रिय मामा,

अक्षर ओळखू येणार नाही. तुला शेवटचं पत्र पाठवलं तेव्हा मला काना-मात्राही धड देता येत नव्हत्या. मी बेडकी, तुझी भाची. चोवीस वर्षांची झालेय. तुझ्या दुकानाचा पत्ता आईच्या नकळत मिळवलाय, त्यामुळे उत्तर घरी नको, खाली लिहिलेल्या कार्यालयाच्या पत्त्यावर टाक.

बातमी अशी की मी बंदराच्या पाणबुड्यांच्या पथकात लागले. बाबांच्या पथकात, म्हणजे तुझ्याही. तुम्ही दोघं जिथे कपडे बदलायचात ती खोली अजून तशीच आहे. ओली, कुबट, आणि दाराची कडी वर उचलून मग ओढावी लागते. आई तीन दिवस माझं ताट ओट्यावर झाकून ठेवून निघून जायची. चौथ्या दिवशी ताट पुढे सरकवत एवढंच म्हणाली, "बापासारखी पाण्यात घाबरून मरू नकोस म्हणजे मिळवलं."

तिचं हे नेहमीचंच. बाबांच्या चौकशी अहवालातलं ते वाक्य तिला तोंडपाठ आहे: 'पाणबुड्या घाबरून दिशा चुकला व हवा संपेपर्यंत वर येऊ शकला नाही.' मी सहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय. त्याबद्दल विचारायला हे पत्र लिहीत नाहीये, घाबरू नकोस.

मला क्लिपांबद्दल विचारायचंय. बॅटरी, हवेचा काटा, जादा नळी, अवजारांची पिशवी, हे सगळं अंगावरच्या पट्ट्याला अडकवायच्या क्लिपा ज्याने त्याने आपल्या आणायच्या असतात. बाजारात पन्नास प्रकार आहेत आणि सगळ्यांवर 'न गंजणारी' असं छापलंय. तू तर आता दिवसभर पट्टे, बकलं आणि कड्याच विकतोस म्हणे. कोणत्या घेऊ?

तुझी,
बेडकी


२१ जानेवारी

बेडके,

पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसलो. समोर गिऱ्हाईक उभं होतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं चार पायांची असतात, त्यामुळे त्यांना घाई नसते. कुत्र्याचा मालक मात्र कुरकुरला.

पथकात गेलीस. चांगलं की वाईट ते मी सांगणारा कोण. क्लिपांचं सांगतो.

चकचकीत दिसते तिला आधी बाजूला ठेव. बहुतेक वेळा ती जस्त ओतून केलेली असते, वर नुसता मुलामा. खाऱ्या पाण्यात चार महिन्यांत मुलामा फुगतो आणि एक दिवस हातात दोन तुकडे येतात. चुंबक लावून बघ असं लोक सांगतात. चुंबक जोरात चिकटला तर ती क्लिप नकोच. पण चिकटला नाही म्हणून हुरळून जाऊ नकोस, जस्तालाही चुंबक चिकटत नाही. दुकानदाराकडे ३१६ आकड्याचं स्टेनलेस स्टील माग, समुद्रासाठी तेच. पितळही पाण्यात टिकतं, पण मऊ असतं, कडीशी घासणारी बाजू झिजत जाते. आणि आतली स्प्रिंग कशाची आहे ते विचार. बाहेरून सोन्यासारखी क्लिप असते आणि आत साधी लोखंडी स्प्रिंग गंजून बसलेली असते.

क्लिप मोठी घे. दुकानात उघड्या बोटांनी सगळंच सोपं वाटतं. जाड हातमोजे घाल, डोळे मीट, हात पाठीमागे ने आणि मग उघडून बघ. जमलं तरच घे. जिथे कडी फिरते तिथे वाळू जाते, म्हणून काम झालं की गोड्या पाण्यात बुडवून दहा वेळा उघड-मीट कर.

आता दोन गोष्टी, ज्यांत मला तुझं काहीही ऐकायचं नाही.

पहिली. अंगठ्याने खिटी मागे ओढल्याशिवाय उघडणार नाही अशीच क्लिप घ्यायची. एक प्रकार असतो, त्याची दांडी नुसती आत ढकलली की उघडते आणि आपोआप मिटते. दिसायला देखणी, लावायला झटपट. ती घ्यायची नाही. कुणी फुकट दिली तरी नाही. पाण्यातली एखादी दोरी तिच्यावर नुसती घासली तरी आत शिरते आणि मागे दार लागतं.

दुसरी. क्लिप पट्ट्याला किंवा नळीला बांधताना कडीत कडी घालायची नाही. मध्ये जाड दोऱ्याचा फास हवा. धातू सुरीने कापता येत नाही. दोरा येतो.

भावजींबद्दल काही लिहीत नाही. जमत नाही. ताई कशी आहे?

मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी बदलायच्या खोलीत मोठ्याने वाचलं. चुंबकाची गोष्ट ऐकून दोघांनी आपापल्या क्लिपा तपासल्या आणि दोघांचीही तोंडं उतरली. तू सांगितल्याप्रमाणे मी खिटीच्या सहा घेतल्या. दुकानात डोळे मिटून, हात पाठीमागे नेऊन उभी राहिले तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

आई ठीक आहे. गुडघे धरतात. मी पाण्यात असते त्या दिवशी स्वयंपाक खारट होतो, पण ती कबूल करत नाही.

तुझ्या 'दोन गोष्टी' वाचल्यावर मला एक आठवलं. कार्यालयाने बाबांच्या सामानाची पत्र्याची पेटी दिली होती. आईने तिला कधीच हात लावला नाही, ती पलंगाखाली तशीच होती. परवा आई बाहेर गेली तेव्हा मी उघडली. मुखवटा आहे, हातमोजे आहेत, आणि पट्टा. पट्ट्याला तीन क्लिपा आहेत. तिन्ही तू म्हणतोस त्याच, ढकलून उघडायच्या. आणि मध्ये दोरा नाही, कडीत कडी.

डाव्या बाजूला मागे चौथी कडी आहे. ती मोकळी. पण तिच्यावर चरे आहेत, खोल, सगळे एकाच दिशेने. सामानाच्या यादीतही 'क्लिपा ३' एवढंच आहे. कुणी पट्ट्याला चार कड्या करून तीनच क्लिपा लावतं का?

मामा, मला वाटतं बाबा घाबरले नव्हते. ते अडकले होते. तेव्हा क्लिपा खात्याच्या भांडारातूनच मिळायच्या; खात्याने फालतू सामान दिलं आणि नंतर ती चौथी क्लिप गायब केली. त्या वेळी भांडारात कोण होतं ते मी शोधून काढलंय. ते आजोबा अजून आहेत, निवृत्तांच्या चाळीत राहतात. त्यांना जाऊन विचारणार आहे.

तुझी,
बेडकी


१४ फेब्रुवारी

बेडके,

जाऊ नकोस. अठरा वर्षांपूर्वीचं सामान, कोण काय सांगणार. पट्टे चार कड्यांचेच यायचे, लोक तीन-तीनच क्लिपा लावायचे. चरे कशानेही पडतात. भांडारवाला बिचारा सरळ माणूस होता, त्याच्या मागे लागू नकोस. तू स्वतःच्या कामाकडे लक्ष दे. पेटी होती तशी ठेव.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन आले होते.

एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. कमी ऐकू येतं. मी तो पट्टा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "ह्या क्लिपा तुम्ही दिल्या होत्या ना?" ते हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडच्या खिटीच्या होत्या, ह्या माझ्या नाहीत." मला इतका राग आला की मी ओरडलेच. बाबांची क्लिप कुठे लपवलीत विचारलं. ते रडायला लागले, मामा. त्यांच्या सुनेने मला दाराबाहेर काढलं.

वाईट वाटलं. पण रडला म्हणून माणूस खरा ठरत नाही. मी अर्ज दिलाय, त्यांचं नाव घालून. चौकशी पुन्हा उघडतायत. २० तारखेला सुनावणी आहे. त्या दिवशी पाण्यात बाबांबरोबर तू होतास. तू येऊन सांगितलंस की क्लिपा भांडारातूनच आल्या होत्या, तर काम होईल. एवढं माझ्यासाठी कर.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. सगळं सिद्ध झालं की सांगेन.

बेडकी


७ मार्च

बेडके,

भांडारवाला खरं बोलतोय. त्याच्याकडच्या खिटीच्याच होत्या. त्या मी काढल्या.

तो हिवाळा फार कडक होता. जाड हातमोज्यांनी खिटी ओढता यायची नाही, आणि ती रोज अडकायची. मी बाजारातून ढकलायच्या क्लिपा आणल्या, माझ्या पट्ट्याला लावल्या आणि मोठा शहाणा म्हणून भावजींच्याही पट्ट्याला लावल्या. चार. दोऱ्याचे फास कुजतात म्हणून ते कापून टाकले आणि कडीत कडी घातली. पक्कं काम. भावजींनी हिसका देऊन बघितला आणि म्हणाले, "तू लावलंस ना, मग बघायला नको."

आठव्या दिवशी आम्ही वीजकेंद्राच्या जाळीवर उतरलो. समुद्राचं पाणी आत ओढतात तिथली लोखंडी जाळी. पंप बंद होते. शिंपले खरवडायचे, गंज झोडायचा. ते उजव्या टोकाला, मी डाव्या. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसायची नाहीत इतकं गढूळ पाणी. मी त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा ते जाळीला पाठ लावून होते आणि हलत नव्हते. कुठलीतरी तुटकी मासेमारीची दोरी जाळीत गुंतलेली होती, तीच मागच्या क्लिपमध्ये शिरली होती. सुरी त्यांच्या हातात होती. दोरीपर्यंत सुरी पोचत नव्हती, म्हणून मागे हात नेऊन त्यांनी कडी कापायचा प्रयत्न केला होता. तू पाहिलेस ते चरे त्याचे.

मी ती क्लिप बोटाने ढकलली आणि ती सुटली. लगेच सुटली, बेडके. कडी कापायला ते अंग पुढे ओढून धरत होते तोवर दोरीचा ताण दांडीवर होता, तेव्हा ती सुटणं शक्य नव्हतं. ते थांबले म्हणून सुटली.

वर आणल्यावर मी ती क्लिप काढून खिशात टाकली. साहेबांनी विचारलं, "अडकला होता का?" मी म्हटलं, "नाही. मोकळा होता." हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कशात अडकला. आणि त्याच्या पुढचा, ती कुणी लावली. क्लिप त्याच संध्याकाळी धक्क्यावरून पाण्यात फेकली. महिन्याभराने गाव सोडलं. ताईला वाटलं मी जबाबदारी टाळून पळालो. मी तिला तसंच वाटू दिलं.

२० तारखेला मी येतोय. पण तुझ्या बाजूने नाही, त्या म्हाताऱ्याच्या बाजूने. हे पत्र ताईला दाखव.

मामा


१५ मार्च

मुलीने पत्र वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं.

क्लिपबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी एकदा उकळतं पाणी ह्या पोरीच्या पायावर सांडलंय, डाग अजून आहे. माणसाच्या हातून होतं. तू त्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतंस, तर मी तुला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, आणि महिन्याभराने जेवायला बोलावलं असतं.

पण तू अठरा वर्षं मला माझ्या नवऱ्याला भित्रा म्हणू दिलंस. फोटोसमोर उभी राहून मी त्यांच्याशी भांडले आहे. जरा धीर धरला असतात तर काय बिघडलं असतं, म्हणून. शाळेत पोरीला बाईंनी विचारलं, बाबा कसे गेले, तर काय सांगायचं ते मी तिला शिकवलं. 'घाबरून' असं सांगायला शिकवलं. त्यांचे कपडे मी पहिल्याच वर्षी रागाने वाटून टाकले. एक सदरा ठेवला नाही. तो आता कुठून आणू?

सुनावणीला ये आणि बोल. घरी येऊ नकोस.


२४ मार्च

मामा,

तू मला ओळखलंस आणि मी तुला ओळखलं नाही. बाकावर शेजारी बसलेला, टोपी हातात चुरगाळणारा माणूस कुणीतरी कारकून असेल असं वाटलं. नाव पुकारल्यावर तू उठलास तेव्हा कळलं. बाबांच्या लग्नातल्या फोटोत तू केवढा हसतोस.

तू गेल्यावर काय झालं ते लिहिते. भांडारवाल्या आजोबांवर काही नाही, हे तिथल्या तिथे लिहून दिलं. मी त्यांच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं, पण आत घेतलं नाही. आजोबा भेटत नाहीत म्हणाली, जेवणही नीट घेत नाहीत. मी परत जाईन. कितीदा जावं लागेल माहीत नाही.

अहवालातलं वाक्य बदललं. आता 'दोरीत अडकून' असं आहे. तुझ्यावर अठरा वर्षांनी काही कारवाई होणार नाही म्हणतात. पथकात दोघांकडे ढकलायच्या क्लिपा निघाल्या, त्या काढून घेतल्या. बदललेल्या कागदाची प्रत मी आईला दिली. तिने चष्मा लावून वाचली आणि घडी घालून परत दिली.

काल भांडी घासता घासता तिने पाठमोरीच विचारलं, "अडकले होते ते खरं. पण घाबरले होते का? शेवटी?" मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार. ती म्हणाली, "त्याला विचार. तो होता तिथे."

म्हणून विचारतेय. मी तुझ्यावर रागावलेय, मामा, खूप. पण उत्तर दे.

बेडकी


३० मार्च

ताई,

तू विचारलंस, म्हणून बेडकीला न लिहिता तुलाच लिहितो. ही गोष्ट मी सुनावणीतही सांगितली नाही. कुणी विचारली नव्हती, आणि न विचारता तोंडातून निघाली नाही.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून आमच्या ठोक्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. हातोडीने लोखंडावर ठोकायचं. तीन ठोके म्हणजे 'इकडे ये'. काम सुरू करून थोडा वेळ झाला असेल, तेव्हा मला तीन ठोके ऐकू आले. मी मनात म्हटलं, गंज झोडतायत. मीही झोडतच होतो. पुन्हा तीन आले. माझा कोपरा संपत आला होता. वाटलं, एवढा संपवतो आणि बघतो.

ते ठोके येत राहिले, ताई. घाईघाईने नाहीत. तीन, मग थांबायचे. मग तीन. अडकलेला माणूस धडपडला तर हवा भरभर संपते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणून ते हलत नव्हते. सुरीने थोडं कापून बघत असतील, मग ठोकत असतील, मग शांत राहत असतील. पंधरा मिनिटं तरी असं चाललं असणार. प्रत्येक वेळी बरोबर तीन. एकदाही चार नाही.

मग दोन ऐकू आले. मी तिसऱ्याची वाट पाहत राहिलो. तो आला नाही, तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की ते इतका वेळ मोजून ठोकत होते.

ते घाबरले नव्हते. घाबरलेल्या माणसाला मोजता येत नाही. ते माझी वाट बघत होते. मी येईन याची त्यांना खात्री होती, म्हणूनच ते शांत राहू शकले, असं मला वाटतं. यापेक्षा जास्त मला माहीत नाही.

क्लिप मी चुकून लावली. ठोके मी ऐकले होते. अठरा वर्षं मी क्लिप लपवत होतो असं मलाही वाटायचं.

तुझा भाऊ


८ एप्रिल

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मग तिला वाचायला दिलं आणि मी गच्चीत जाऊन बसले.

तुला घरी बोलावणं मला जमणार नाही. पुढे कधी जमेल असंही मी म्हणत नाही. वाट बघू नकोस.

मुलगी सोमवारी त्याच जाळीवर उतरतेय. मी अडवणार नाही. तिच्या पथकात आता ठोक्यांच्या खुणा कुणाला धड माहीत नाहीत, असं ती म्हणते. सोमवारच्या आत तिला लिहून पाठव. किती ठोक्यांना काय, ते सगळं. एकही गाळू नकोस.